खाल्ल्या मिठाची बरणी

माझ्या मालकिणीने एकदा देवापुढे हात जोडून मला सोडलं होतं. सोडलं म्हणजे टाकून दिलं असं नव्हे. मी होते तिथेच, चुलीजवळच्या फळीवर. घरातल्या सगळ्यांच्या ताटात माझ्यातलं मीठ रोज जात होतं. फक्त तिच्या ताटात जात नव्हतं. "पोर बोलेपर्यंत मी मीठ खाणार नाही," एवढंच ती पुटपुटली होती, आणि ते देवाने ऐकलं की नाही कोण जाणे, मी मात्र ऐकलं होतं.

मी मिठाची बरणी बोलतेय. चिनी मातीची, खाली पांढरी, वर तपकिरी, झाकणाचा एक टवका उडालेला. त्या नेमाची गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मालकिणीची बहीण वारली. तिची लहान मुलगी एका गाठोड्यासकट या घरात आली. गाठोडं सोडलं, कपडे फळीवर लागले, पण पोर काही सुटेना. बोलायचीच नाही. ओट्याच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय बघायची. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही, तिला वाटेल तेव्हा बोलेल. शेजारणींनी नाना उपाय सांगितले. मालकिणीने सगळ्यांना बरं बरं म्हटलं आणि आपल्या मनाने मीठ सोडलं. ती तशी नेमधर्माचीच. कुणाच्या परीक्षेसाठी गोड सोडायची, कुणाच्या तापासाठी एक वेळचं जेवण. कशासाठी सोडलंय ते मात्र कधी कुणाला सांगायची नाही. "सांगितलं की त्याचं ओझं होतं," असं तिचं म्हणणं.

मग एके दुपारी ती जेवत असताना पोर शेजारी येऊन टेकली, मावशीच्या ताटात हात घालून एक घास उचलला, चावला, आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"मावशी, यात मीठ नाही."

मालकिणीचा हात तसाच ताटात राहिला. मग ती म्हणाली, "हो गं. विसरलेच बघ." आणि उठून माझ्याकडे आली. चिमूट एवढी मोठी घेतली की अर्धं मीठ फळीवर सांडलं. ती चिमूट मला अजून आठवते.

आता माझ्याबद्दल. माझा जन्म भट्टीतला. चाकावर फिरले, उन्हात वाळले, विस्तवात भाजले, वरून काचेसारखा लेप चढला. रस्त्याकडेला गवतावर मांडलेल्या बरण्यांमधून मालकिणीने मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाली, "ही बोलते." तेव्हाच झाकणाचा टवका उडालेला होता. विकणारा दुसरं झाकण देत होता, पण तिने तेच ठेवून घेतलं. ज्याचं त्याला बसतं, म्हणाली.

घर म्हणजे पुढे धुण्या-इस्त्रीचं दुकान आणि मागे स्वयंपाकघर. काका, म्हणजे मालकिणीचा नवरा, कपडे धुवायचे. मालकीण देवाणघेवाण बघायची. भाची मोठी झाली तशी इस्त्रीला उभी राहिली. जवळच्या खानावळीच्या चादरी, परिचारिकांचे पांढरे कोट, कुणाचे लग्नाचे कपडे. दिवसभर वाफ. ती वाफ दाराच्या फटीतून आत येते आणि मला पाणी सुटतं. मग मालकीण माझ्यात तांदळाचे दाणे टाकते. ते दाणे ओल पितात, फुगतात, आणि मला जरा कोरडं वाटतं. जरा म्हणजे जराच. माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून कधी ठाऊक नाही. ओल नसली तर माणसांचं बोलणं असतं.

माणसं बोलतात ना, त्यातलं अर्धंअधिक ऐकून मला फळीवर बसवत नाही. आता हे 'चवीपुरतं मीठ' घ्या. मालकीण पोरीला स्वयंपाक शिकवताना म्हणायची, चवीपुरतं घाल. कुणाच्या चवीपुरतं? काकांना जास्त लागतं, मालकिणीला कमी, पोरीला मधलं. पोर बिचारी हात माझ्यात घालून उभी राहायची आणि मावशीच्या तोंडाकडे बघायची. मला वाटायचं, अगं, सांग ना नीट एकदाचं.

शेजारी एक शिंपीणबाई राहते. ती आली की मालकीण हसून म्हणते, "आता ही तिखटमीठ लावून सांगेल." मी दरवेळी झाकण सरसावून बसते. पण बाई माझ्याकडे फिरकतही नाही, कोरडंच सांगते आणि तरी ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात. 'जखमेवर मीठ चोळलं' हेही तसंच. भाचीचं बोट इस्त्रीने भाजलं तेव्हा सगळे थंड पाण्याकडे धावले. कुणी माझ्याकडे आलं नाही, येऊही नये. मग ज्याने आयुष्यात कुणाच्या जखमेला स्पर्श केला नाही त्याच्या नावाने हे का खपवायचं? आणि दोघांचं बिनसलं की म्हणे मिठाचा खडा पडला. कुणी पाडला ते विचारायचं नाही, खड्याचं नाव घ्यायचं.

काका कपडे पिळून आले की म्हणायचे, "हाडांची काडं झाली." पहिल्या वर्षी मी खरंच घाबरले होते. पुढे कळलं, काडं झालेली हाडं भात मागून घेतात. मालकीण म्हणायची, पोरीने घर डोक्यावर घेतलंय. मी फळी घट्ट धरून बसायचे. फळीला धरायला मला हात नाहीत, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं मी आपलं हसण्यावारी नेत होते. पण एक वाक्य असं निघालं की ते हसण्यावारी जाईना.

त्या दिवशी दुकान दुपारचं बंद होतं म्हणून तिघं एकत्र जेवायला बसले होते. भाचीने भाताचा ढीग चमच्याने सारखा केला, पुन्हा मोडला, आणि मग सांगितलं, "मावशी, मला मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बोलावलंय. कायमचं काम आहे. राहायला खोली देतात."

काका म्हणाले, "अरे वा." मालकिणीने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग तिने विचारलं, तिथे जेवशील काय. भाची म्हणाली, करून खाईन. मग विचारलं, आणि इथली इस्त्री? भाची म्हणाली, कुणीतरी मिळेपर्यंत मी थांबेन, तसं सांगितलंय मी त्यांना. सगळ्या प्रश्नांना उत्तरं होती, तीच मालकिणीला झोंबली असावीत. तिच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. मी तिच्या हातातली बरणी, मला नाही कळणार तर कुणाला? तिला म्हणायचं होतं, जाऊ नकोस गं, तुझ्यावाचून मला हे घर खायला उठेल. पण माणसांची एक खोड आहे. स्वतःचं वाक्य जिभेवर येईना की ती फळीवरचं तयार वाक्य काढतात. कुणीतरी कधीतरी भरून ठेवलेलं, वास आलेलं.

"इतकी वर्षं या घरचं मीठ खाल्लंस," ती म्हणाली, "त्याला तरी जाग."

काकांनी मान वर केली. भाचीने ताटातलं संपवलं, ताट घासलं, जागेवर ठेवलं. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझं झाकण दोन्ही हातांनी खाली दाबलं. नीट बसलेलंच होतं ते. तरी दाबलं.

दुसऱ्या दिवशीपासून सुरू झालं. दुपारचा स्वयंपाक भाचीकडे असायचा. भाजी शिजली की मीठ घालायच्या आधी ती एका पोचे पडलेल्या वाडग्यात आपल्यापुरती काढून घ्यायची, वर बशी झाकायची आणि खिडकीत ठेवायची. मग उरलेल्या भाजीत मीठ. भाताचं तेच. दुकानात कुणीतरी बसायला हवं म्हणून एरवी मावशी-भाची आळीपाळीने जेवायच्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. रात्री ती भूक नाही म्हणून एखादं फळ खायची. कुणाच्या लक्षात म्हणजे मावशीच्या हं. माझ्या लक्षात यायला काय उशीर? तिचा हात यायचा, काकांपुरतं घ्यायचा, मावशीपुरतं घ्यायचा, आणि तिच्या वाटणीची चिमूट माझ्यातच राहायची. रोज. ती उरलेली चिमूट मला टोचायची.

मी आतल्या आत नुसती कावले होते. मिठाला जाग म्हणे! अहो, मी कुणाला झोपेतून उठवते का? मीठ पाण्यात पडलं की विरघळतं. ते परत काढून दाखवता येत नाही, हे बघ तुझ्यातलं माझं एवढं, असं म्हणता येत नाही. त्याचा तर स्वभावच नाहीसं होण्याचा. आणि हिने त्याच मिठाचा दोर केला आणि पोरीच्या पायात टाकला. पोर तरी काय कमी? तिने दोर तोडला नाही, पाय आखडून घेतला.

एकदा शिंपीणबाई मागच्या दाराने आली तेव्हा भाची वाडग्यातलं जेवत होती. बाईने वाडग्यातली एक शेंग उचलून तोंडात टाकली आणि थबकली. "अळणी?" भाची म्हणाली, "काकू, कुणाला बोलू नका. जाताना या घरचं काही अंगावर नको मला. गेले की गेले."

गेले की गेले. हे ऐकलं आणि मला असं पाणी सुटलं की तांदळाचे दाणे त्यात पोहायचेच बाकी राहिले. कारण ही मुलगी मावशीसारखी तयार वाक्यं काढणारी नव्हे. बोलली की तिला नेमकं तेवढंच म्हणायचं असायचं. आणि गंमत बघा, जन्मभर तिखटमीठ लावून सांगणारी ती बाई नेमकी या वेळी गप्प बसली. जिथे सांगायला हवं होतं तिथेच. मी झाकण वाजवून पाहिलं असतं, पण दार आपटल्याशिवाय माझं झाकण वाजत नाही, आणि त्या दिवसांत कुणी दार आपटत नव्हतं. सगळे फार जपून चालत होते.

उन्हाळा वाढला. इस्त्रीच्या टेबलाजवळ उभं राहवत नव्हतं. भाची आधी कॉलर, मग मनगटपट्ट्या, मग बाह्या असा कोट घ्यायची. तो क्रम तिने कधी मोडला नाही, पण मधेच ती टेबलाची कड धरून उभी राहायला लागली. घामाने पाठ भिजून कोरडी व्हायची आणि कपड्यावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. ते माझंच होतं, तिच्या अंगातून चाललेलं. पोटरीत गोळे यायचे. मग ती स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टाच लावून पाय ताणायची आणि माझ्याकडे पाठ करायची.

मालकीण शिंपीणबाईला म्हणाली, "तोंड फुगवून बसलीय अजून." मी पुन्हा पुन्हा बघितलं. तोंड कुठे फुगलं होतं? चिमणीएवढं झालं होतं ते. पण डोळ्यांनी दिसतं त्यापेक्षा वाक्यात बसतं तेच माणसांना खरं वाटतं. रोज देवापुढे दिवा लावून ती काहीतरी पुटपुटायची. तिचं तिला बोलता येत नव्हतं, आणि जिच्याशी बोलायचं ती इस्त्रीपाशी होती.

मग एके दुपारी बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. काकांची हाक आली. थोड्या वेळाने ते भाचीला खांद्याचा आधार देत आत घेऊन आले. चक्कर आली होती. पडता पडता तिने इस्त्री उभी करून ठेवली होती, म्हणून चादर वाचली, असं काका दोनदा सांगत होते. घाबरलेला माणूस चादरीचंच बोलतो. मालकिणीने त्यांना पाणी आणायला लावलं, पोरीला भिंतीशी बसवलं, पदराने तिचा चेहरा पुसला.

"उपाशी असशील. सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना? कुठाय तुझं जेवण?"

"मी घेते, मावशी. राहू दे."

पण मावशीला खिडकीतला वाडगा दिसला होता. तिने बशी उचलली, चमचाभर भात आणि भाजी कालवली, आणि चमचा पोरीच्या तोंडाशी नेला. मग कढत तर नाही ना, हे बघायला तो घास आधी स्वतःच्या तोंडात घातला. लहान मुलाला भरवताना बायका करतात तसं. भाची आता लहान नव्हती, पण हाताला ते कुठे कळतं?

मालकिणीचं तोंड चावता चावता थांबलं.

ती चव तिला ठाऊक होती. इतर कुणाला वाटलं असतं, घाईत राहिलं असेल. पण जी ते जेवण दिवसामागून दिवस आपखुशीने जेवलीय तिला ती चव कशी चुकेल? तिने वाडग्यात बघितलं, पातेल्यात बोट घालून चाखलं, पुन्हा वाडग्यात बघितलं.

"यात मीठ नाही," ती म्हणाली.

"विसरले," भाची म्हणाली.

मालकिणीने चमचा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

"मीही तुला हेच सांगितलं होतं. विसरले म्हणून. तू इथे कोपऱ्यात बसायचीस, बोलत नव्हतीस. तेव्हा."

भाचीला आधी कळलं नाही. मग मालकिणीने ते सांगितलं, जे तिने इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. फार लांबवलं नाही. तू बोलावंस म्हणून मीठ सोडलं होतं, आणि तू बोललीस तेही मिठाचंच बोललीस, एवढंच. काका पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभे राहिले. त्यांनाही हे नवीनच होतं.

"मग त्या दिवशी तसं का बोललीस?" भाचीने विचारलं. तिचा आवाज बारीक होता, पण प्रश्न बारीक नव्हता.

"मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. ते म्हणता आलं नाही, म्हणून ते बोलले."

आणि मग तिने मला फळीवरून खाली काढलं. झाकण उघडलं. मला वाटलं, आता चिमूट घेईल आणि वाडग्यात घालेल. पण तिने तसं केलं नाही. मला तशीच पोरीपुढे धरली.

"तू घाल. तुझ्या हाताने, तुला हवं तेवढं. आणि जायचंय तिथे जा. मी नाही म्हणत नाही."

पोरीने माझ्याकडे बघितलं. हात मात्र मांडीवरच होता. माझ्या आयुष्यात मी इतकी तगमगले नसेन. आतलं सगळं मीठ जणू काठाशी आलं होतं. घे गं, म्हणत होते मी, घे ना.

"आधी सांग," ती म्हणाली, "हे मीठ कोणाच्या घरचं?"

मालकीण जरा थांबली. तयार वाक्य शोधत असती तर लगेच सापडलं असतं.

"समुद्राच्या," ती म्हणाली. "माझं काय त्यात? मी नुसती झाकण लावते."

काका दारातून हसले. भाचीच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिची बोटं माझ्यात आली. ओल्या मिठाचा गठ्ठा झाला होता, तो तिने नखाने फोडला आणि चिमूट घेतली. मोठी घेतली. साठलेल्या सगळ्या चिमटींची मिळून एक असावी अशी.

त्यानंतर ती गेली, पण गेले की गेले अशी गेली नाही. निघायच्या दिवशी मालकिणीने मला जुन्या चादरीत गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवलं. काका म्हणाले, अगं, नवीन डबा दे, ही टवका उडालेली कशाला? मालकीण म्हणाली, हिला ती ओळखते. स्वतःसाठी तिने डब्यात मीठ ठेवलंय म्हणे. डबा कसा आहे, कुणास ठाऊक. गंजू नये म्हणजे झालं.

आता मी भाचीच्या खोलीत खिडकीपाशी असते. बाहेर दोऱ्यांवर पांढरे कोट वाळत असतात आणि वारा आला की सगळे बाह्या हलवतात. इथे वाफ कमी आहे. तरी मी कोरडी झाले, शांत झाले असं समजू नका. शेजारच्या खोलीत कुणी कुणाला म्हणालं, तुझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं, की माझं झाकण अजून थरथरतं. मी कान देऊन बसते, ऐकणारा जेवतोय ना, म्हणून.

सुट्टीच्या दिवशी मावशी येते. भाची तिला जेवायला वाढते. मागच्या वेळी जेवण झाल्यावर मावशी हात पुसत म्हणाली, "आज मी तुझ्या घरचं मीठ खाल्लं."

"मग जागशील का त्याला?"

"हल्ली झोप येतेय कुठे? जागीच असते मी."

दोघी हसल्या. मग मावशीने सांगितलं की तिने पुन्हा एक नेम धरलाय. या वेळी मीठ सोडलेलं नाही. ते वाक्य सोडलंय, आणि त्याच्या नात्यातली आणखी एकदोन. जिभेवर आलं तर गिळायचं आणि आपल्याला खरोखर काय म्हणायचंय ते शोधायचं, वेळ लागला तरी.

"कशासाठी सोडलंस?" भाचीने विचारलं.

"ते सांगितलं की ओझं होतं," मावशी म्हणाली आणि ताट उचलून घासायला गेली.

तर माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. तुम्हीही असा एक नेम धरा. मीठ सोडू नका, उन्हातान्हात राबणाऱ्याला ते लागतं. तुमच्या घरात जेवताना कुणाच्या घशाशी अडकतं असं एखादं वाक्य असेलच, ते सोडा. कुणासाठी सोडलं ते सांगायची गरज नाही. आणि आज जेवायला बसाल तेव्हा शेजारच्या ताटातला एक घास चाखून बघा. कुणाचं अळणी चाललंय ते नुसतं बघून कळत नाही.